आयरिश खेड्यातली ‘बॅन फॅसा’ नाटकात दाखवायची आहे : ती नेमकं काय काय करायची?

पळसफूल, नागपूर

नमस्कार मंडळी. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रासाठी दोन अंकी नाटक लिहून राहिले आहे. काळ 1860 च्या आसपासचा, जागा आयर्लंडच्या पश्चिमेची क्लेअर काउंटी. मध्यवर्ती पात्र गावकुसाबाहेर राहणारी, लोकांना औषध सांगणारी म्हातारी. आयरिश भाषेत अशा बाईला ‘बॅन फॅसा’ म्हणतात, एवढं माहीत आहे.

पहिल्या खर्ड्यात ही बाई आपल्याकडच्या मांत्रिकासारखी झाली आहे. धूर, किंचाळणं, मोकळे केस, लिंबाऐवजी कसल्याशा मुळ्या. ते मला नको आहे. म्हणून नेमके प्रश्न विचारते.

तिला मराठीत काय म्हणावं? रोगी दारात आल्यापासून परत जाईपर्यंत ती कोणत्या क्रमाने काय करते? औषधं कुठली, किती, कशात देते? तिचं चुकतं कुठे? शेवटी गावकरी तिला चेटकीण ठरवून जाळतात असं लिहिलं आहे, ते टिकेल का? आणि यातलं सामान नागपुरात कशापासून उभं करता येईल? अर्धवट उत्तरं दिली तरी चालेल, पण खात्रीची द्या.

काटेसावर

पळसफूलताई, तुमच्या खर्ड्यात घोळ झालाय तो चार बायांची एक बाई केल्यामुळे. आयरिश गावात ही कामं वेगवेगळी होती. ‘बॅन ग्लूना’, शब्दशः गुडघ्याची बाई, म्हणजे आपली सुईण. ‘बॅन लाईश’ म्हणजे झाडपाल्याचं औषध देणारी. ‘बॅन ख्वींत्या’ म्हणजे मयताच्या घरी सूर लावून विलाप करणारी, मेलेल्याचे गुण गाणारी. आणि ‘बॅन फॅसा’ म्हणजे जिला *कळतं* ती. ‘फिस’ म्हणजे ज्ञान, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचं. एखादी बाई यांतली दोन कामं करत असे, पण गावाला कोणत्या कामासाठी कुणाकडे जायचं हे पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी ‘जाणती’ हा शब्द सुचवेन. चेटकीण अजिबात नको. ‘वैदू’ नको, कारण तो आपल्याकडे एका समाजाचा शब्द आहे. ‘भगतीण’ म्हटलं की अंगात येणं डोळ्यासमोर येतं, आणि बॅन फॅसाच्या अंगात येत नाही. ती शांतपणे चुलीशी बसून बोलते.

आता क्रम. तिचं मुख्य काम औषध देणं नव्हे, निदान करणं. सगळ्या कथांमध्ये पहिली गोष्ट हीच येते की माणूस उंबरठ्यावर असतानाच ती ओळखते, तो कशासाठी आलाय. पुष्कळदा “तू दोन दिवस आधी यायला हवं होतंस” असं म्हणते. बहुतेक वेळा रोगी स्वतः येतच नाही, घरचा माणूस येतो. रोगी दहा-पंधरा मैलांवर अंथरुणात असतो. तुमच्या प्रवेशात दुखणाईत माणूस तिच्यासमोर आडवा पडलाय, तो घरीच राहू द्या. निरोप्याच्या तोंडून रोग कळणं, हाच त्या प्रवेशाचा ताण आहे.

मग ती प्रश्न विचारते, आणि ते शरीराबद्दलचे नसतात. नवीन खोली बांधलीत का? कुठल्या बाजूला? शेतातलं एकटं काटेरी झाड तोडलंत का? ‘लिस’मधला दगड हलवला का? रात्री पाय धुतलेलं पाणी दारातून फेकताना आधी हाक दिली होती का?

‘लिस’ म्हणजे जुन्या वस्तीभोवतीचा गोल मातीचा बांध. आयर्लंडभर असे सुमारे 45,000 बांध आहेत, आणि त्यांत ‘शी’ राहतात असं लोक मानत. ‘शी’ म्हणजे पंखवाल्या गोंडस पऱ्या नव्हेत. ती माणसाएवढीच, माणसासारखीच, पण अदृश्य वस्ती. त्यांचं नाव थेट घ्यायचं नाही, ‘चांगली माणसं’ म्हणायचं. आपल्याकडे रात्री सापाला साप न म्हणता ‘लांबडं’ म्हणतात, तसंच. नाटकात एकाही पात्राने ‘परी’ हा शब्द उच्चारू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘ती मंडळी’ म्हणा, सभागृहाला दोन वाक्यांत कळेल.

या प्रश्नांनंतर निकाल, आणि तो तीनपैकी एक असतो. एक, दुखणं साधं आहे, पाला देते. दोन, ‘पुक शी’, म्हणजे त्या मंडळींचा फटका बसलाय, पण अजून वेळ आहे. तीन, वेळ गेली, माझ्या हातात काही नाही. हा तिसरा निकाल नाटकात नक्की ठेवा. ती ‘नाही’ म्हणू शकते म्हणून गाव तिच्यावर विश्वास ठेवतं.

दुसऱ्या प्रकारात उपाय बहुधा घराला करायचा असतो. त्या मंडळींच्या वाटेवर घराचा कोपरा आला असेल तर कोपरा तोडून टाका, नवी भिंत पाडा, दार बुजवून दुसरीकडे काढा. ती पाण्याची बाटली देते, ते पाणी पुष्कळदा हद्दीच्या ओढ्याचं, तीन शिवारं मिळतात तिथलं. बाटलीसोबत अटी असतात. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही, बाटली जमिनीला टेकवायची नाही. अमुक पुलावर घोडा बुजेल, तिथे सांभाळ, असंही सांगते. तिथेच बाटली फुटली तर दोष निरोप्याचा. उपाय का फसला याचं उत्तर उपायाच्या आतच ठेवलेलं असतं, हे लिहिताना लक्षात असू द्या.

मोबदला: ठरलेली रक्कम मागणारी बाई खोटी समजली जाई. अंडी, पीठ, तंबाखू, लोणी, दारूची बाटली चालते. क्लेअरमधल्या फीकल गावाजवळची बिडी अर्ली ही सगळ्यात प्रसिद्ध जाणती. ती 1874 मध्ये वारली, म्हणजे तुमच्या काळात हयात होती. तिच्याकडे लोक व्हिस्की घेऊन जात. तिची निळी बाटली प्रसिद्ध आहे. त्यात पाहून ती सांगायची. मरणानंतर ती बाटली किलबॅरनच्या तळ्यात फेकली गेली, अशी कथा आहे. तुमचं पात्र थेट बिडी अर्ली नसेल तर निळी बाटली देऊ नका. ती तिची खूण आहे.

आणि एक. बऱ्याच उपायांत ‘उपकार झाले’ म्हणायचं नसतं. म्हटलं की गुण जातो. तुमच्या निरोप्याला हात जोडून आभार मानायला लावू नका. तो गप्प उठून जाईल.

रानहळद

झाडपाल्याबद्दल मी लिहिते. काटेसावरभाऊंनी निदानाचं लिहिलं ते बरोबरच आहे, पण साध्या दुखण्यांना पाला दिला जायचा आणि तो पुष्कळदा कामाचा होता. रंगमंचावर कसलीतरी हिरवी मुळी उगाळण्यापेक्षा यातलं एखादं घ्या.

खोकला, छातीतला कफ: कॅरागीन नावाचं समुद्रशेवाळ. खडकावरून काढून, पावसा-उन्हात पांढरं होईपर्यंत वाळवतात. मूठभर घेऊन भिजवायचं, दुधात मंद उकळायचं, गाळून गरम प्यायला द्यायचं. गार झालं की ते खिरीसारखं घट्ट होतं, म्हणून दूध बेताचं घातलं तर पिता येत नाही, चमच्याने खावं लागतं.

क्षयाचा खोकला: म्यूलिनची पानं दुधात उकळून. ही पानं लोकरीसारखी लवदार असतात. नुसत्या चाळणीने गाळलं तर लव घशात जाऊन खोकला वाढतो. जाणती बाई दुहेरी कापडातून गाळते, नवशिकी चाळणीतून. पात्र उभं करायला हे फार उपयोगी पडेल.

मोडलेलं हाड, मुरगळ: कॉम्फ्रीचं मूळ. ताजं मूळ धुऊन किसायचं, चिकट लगदा होतो, तो कापडावर पसरून सांध्याभोवती गुंडाळायचा. वाळला की कडक होतो आणि सांधा हलू देत नाही. पोटात घेऊ नये, यकृताला अपाय होतो हे आता माहीत आहे. उघड्या खोल जखमेवरही नको.

कापलं तर लांबट पानांचा प्लांटेन चावून जखमेवर बसवायचा. आयरिशमध्ये त्याचं नावच ‘स्लानलुस’, बरं करणारा पाला. रक्त थांबत नसेल तर कोळ्याचं जाळं. मे महिन्यात खाजकुयलीसारखी आग करणाऱ्या नेटलचे कोवळे शेंडे उकडून तीन वेळा खायचे, रक्तशुद्धीसाठी. कावीळ झाली तर बार्बेरीची आतली पिवळी साल दुधात किंवा काळ्या बिअरमध्ये उकळून. पिवळ्याला पिवळं, हा हिशेब आपल्याकडेही कावीळ उतरवणाऱ्यांचा असतोच.

आता जी वनस्पती सगळ्यात नाट्यमय आहे आणि जिच्याबद्दल सगळ्यात जपून लिहायला हवं ती: फॉक्सग्लव्ह, आयरिशमध्ये ‘लुस मोर’, मोठा पाला. कमरेच्या वर वाढणारा दांडा आणि एका अंगाला खाली लोंबणाऱ्या जांभळ्या घंटा. फुलं जून-जुलैत. मूल एकाएकी वाळायला लागलं, सतत रडू लागलं की ते आपलं मूल नाही, त्या मंडळींनी बदलून ठेवलेलं ‘शीफ्रा’ आहे, असा संशय यायचा. मग लुस मोरचा रस थेंब थेंब जिभेवर घालायचे, नाहीतर मुलाला फावड्यावर ठेवून दाराबाहेर नेऊन धरायचे. या झाडात डिजिटॅलिस आहे. हृदयावर थेट चालतं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फारच थोडं, आणि पानातलं प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं. त्यामुळे कालचे पाच थेंब चालले म्हणून आजचे पाच चालतीलच असं नाही. आधी ओकाऱ्या, मग नाडी मंदावते, नजरेला सगळं पिवळट दिसू लागतं. दुबळ्या मुलाला ते झेपणं शक्यच नव्हतं. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरने श्रॉपशायरमधल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती काढ्याचा माग काढत याच झाडावर 1785 मध्ये पुस्तक लिहिलं, ते मात्रा किती द्यावी आणि कधी थांबवावी हे सांगण्यासाठीच. पाला तोच, मोजमाप नसलं की तो मारतो.

पाला तोडण्याचे नियम: सूर्योदयापूर्वी, देवाचं नाव घेऊन, लोखंड न लावता हाताने. शोधूनही सापडला नाही तर रोगी वाचणार नाही असं धरत. आणि एकीचं बरं केलं तर दुसरीकडे काहीतरी जातं, ही समजूत फार खोल होती. औषध देणाऱ्या बाईची गाय मरते, कधी मूल जातं. म्हणून ती अवघड दुखणं हातात घ्यायला कचरते. तुमच्या दुसऱ्या अंकाला याहून चांगलं कारण मिळणार नाही.

विंगेतला

सामानाचं मी सांगतो, आणि त्यासोबत एक उपाय जो रंगमंचावर जसाच्या तसा करता येतो.

चूल. तिथे लाकूड जळत नाही, दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या काळपट विटा जळतात. त्यांना टर्फ म्हणतात. आपल्या गोवऱ्या गोल असतात, लांबून ओळखू येतात, म्हणून नको. नर्सरीत कोकोपीटच्या 650 ग्रॅमच्या विटा मिळतात, रंग आणि आकार जवळपास तोच. वीस-पंचवीस पुरतील. पाणी लागू देऊ नका, फुगून कितीतरी पट होतात. आतून लाल-नारिंगी दिवा, ज्वाळा नको. टर्फ धुमसतो, भडकत नाही. पहिल्या खर्ड्यातला धूर हवाच असेल तर इथे ठेवा, पण मंत्राचा नाही, चुलीचा.

घर: चुन्याने पांढरी भिंत, गवताचं छप्पर, खालचा अर्धा बंद राहणारा अर्धदरवाजा. निरोप्या त्या अर्ध्या दारावर हात ठेवून बोलतो, आत येण्यापूर्वी “देव इथल्या सगळ्यांचं भलं करो” म्हणतो. न म्हणता आला तर संशय. कवट्या, घुबडं, उलटे क्रूस काहीही नको. भिंतीवर असेल तर लव्हाळ्याच्या पातीचा चार हातांचा सेंट ब्रिजिडचा क्रूस. ती बाई कॅथलिक आहे, तिचे मंत्रही येशू, मेरी आणि ब्रिजिडच्या नावाचे आहेत.

आता तो उपाय: हृदयाचं मापन. छाती दाटते, जीव घाबरा होतो, अन्न जात नाही, अशाला तिकडे ‘हृदयाचा ताप’ म्हणत आणि त्यावर ओटच्या पिठाचा कप. कप काठोकाठ भरायचा, वरून सपाट करायचा, त्यावर कापड ताणून बांधायचं. उलटा धरून छातीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर टेकवत प्रार्थना म्हणायची, असं तीन वेळा. मग कापड सोडायचं. दुखणं असेल तर पिठात एका बाजूला खळगा पडलेला दिसतो: हृदयाचा तेवढा भाग ‘गेलाय’. खळगा भरून काढायचा आणि पुन्हा करायचं, सोमवार-गुरुवार-सोमवार असे तीन दिवस. प्रत्येक वेळी खळगा लहान होत गेला की गुण आला.

नागपुरात ओट म्हणून जे चपटे पोहे मिळतात ते वापरू नका, खळगा पडत नाही. ज्वारीची जाडसर भरड घ्या, चक्कीवाल्याला सांगितलं की मिळते. सुमारे 200 मिलीचा मातीचा नाहीतर पितळी पेला. भरताना आपटायचं नाही, दाबायचं नाही, हलक्या हाताने सोडत भरायचं आणि सुरीच्या पाठीने सपाट करायचं. मधे हवा राहते. अंगावर टेकवताना बसणाऱ्या हलक्या धक्क्यांनी भरड खाली बसते आणि जिकडे पेला कलला असेल त्याच्या उलट बाजूला खळगा पडतो. त्यामुळे नटीने पेला किंचित एका अंगाला कलता धरायला हवा. कापड सैल असेल तर भरड गळते आणि प्रसंग हास्यास्पद होतो, म्हणून धुतलेलं जाड मांजरपाट घ्या आणि सुतळीने दोन वेढे आवळा. पहिल्या रांगेलाच दिसेल हे खरं आहे. पेला तिरपा करून रोग्याला दाखवताना नटीने तो आधी प्रेक्षकांकडे वळवावा.

मंत्र मोठ्याने म्हणायचा नाही. दुसऱ्याने ऐकला तर त्याची शक्ती जाते, आणि शिकवायचा तर बाईने पुरुषाला, पुरुषाने बाईला. सभागृहाला नुसता गुणगुणाट ऐकू येऊ द्या, शब्द नाहीत.

लुस मोर दाखवायचा झाला तर खरं झाड आणण्याच्या भानगडीत पडू नका. तिळाचं फूल घंटेच्याच आकाराचं असतं, ते समोर ठेवून कापडी फुलं शिवून घ्या आणि जांभळी रंगवा. आत ठिपके विसरू नका.

पळसफूल, नागपूर

कपाचा उपाय वाचून दुसरा प्रवेश पूर्ण बदलतेय. दोन शंका. पहिल्या अंकात लोणी निघत नाही म्हणून एक बाई तक्रार घेऊन येते, तिथे जाणती काय सांगेल? आणि शेवटच्या जाळण्याबद्दल कुणी बोललं नाही.

काटेसावर

लोणी आधी. तुमची बाई मे महिन्याच्या एक तारखेला किंवा नंतर आली तर योग्य होईल. त्या दिवशी पहाटे दुसऱ्याच्या शेतातलं दव फडक्याने टिपून त्याचं दूध-लोणी ओढून नेतात, अशी भीती होती. त्या दिवशी घरातून विस्तव, मीठ, दूध कुणाला देत नसत. घुसळण चालू असताना आत आलेल्या प्रत्येकाने रवीला हात लावून दोन-चार फेरे द्यायचे. न लावता गेला तर लोणी त्याच्यासोबत गेलं. जाणतीचा सल्ला: दारं बंद कर, नांगराचा फाळ चुलीत लाल कर, घुसळायला लाग. ज्याने लोणी चोरलं त्याला त्या फाळाचे चटके बसतील आणि तो धावत दारात येईल. त्याला काही द्यायचं नाही. साय फार गार असली की लोणी लवकर येत नाही, फार गरम असली की पातळ राहतं. नागपूरच्या जानेवारीत ताकात कोमट पाणी आणि मे महिन्यात बर्फ का घालतात हे प्रत्येक घरात माहीत आहे. बंद खोलीत लाल लोखंड ठेवून घुसळलं तर लोणी येईलही. त्याची जबाबदारी शेजाऱ्यावर टाकली जाते, हा त्यातला वाईट भाग. एका बाईचं नाव गावात कायमचं खराब होतं.

त्याहून वाईट ‘पिशोग’: दुसऱ्याच्या गवताच्या गंजीत नाहीतर बटाट्याच्या सरीत अंडी लपवून ठेवायची, अंडी सडतील तसं त्याचं भाग्य सडेल. हे जाणती करत नाही, हे द्वेष करणारा शेजारी करतो. जाणती सापडलेली अंडी कशी न हाताळता फावड्याने उचलून जाळायची ते सांगते. दोघींना एक करू नका.

जुनी वही

जाळण्याबद्दल. तो शेवट टिकणार नाही, आणि तो बदलला तर नाटक जास्त खरं होईल असं मला वाटतं.

आयर्लंडमध्ये चेटूक म्हणून खटले फारच थोडे झाले. किलकेनीत 1324 मध्ये ॲलिस किटलरचं प्रकरण, ज्यात ती निसटली आणि तिची दासी पेट्रोनिला जाळली गेली. 1711 मध्ये आयलंडमगीच्या आठ बायांना कॅरिकफर्गसला शिक्षा झाली, तीही तुरुंगाची. चेटकाचा कायदा 1821 मध्ये रद्द झाला. 1860 च्या क्लेअरमध्ये गावाने जाणतीला खांबाला बांधून जाळणं हे दुसऱ्याच देशाचं चित्र आहे. जाणतीचं भांडण होतं ते पाद्र्याशी. तो वेदीवरून तिचं नाव घेऊन ताकीद द्यायचा आणि त्याच्याच चर्चमधली माणसं अंधार पडल्यावर तिच्याकडे जायची.

जाळलं गेलं ते वेगळ्या बाईला. टिपरेरी काउंटीत बॅलीव्हॅडली इथे मार्च 1895 मध्ये ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी, कोंबड्या पाळणारी तरुण बाई आजारी पडली. डॉक्टर आला, पाद्री आला. पण नवऱ्याच्या, मायकल क्लिअरीच्या मनात बसलं की ही आपली बायको नाही, त्या मंडळींनी ठेवलेली बदली आहे. पाला जाणणाऱ्या एका माणसाकडून औषध आणलं गेलं, ताज्या दुधात उकळून ते तिला जबरदस्तीने पाजलं, नातेवाइकांनी धरून ठेवलं, चुलीवर धरलं, “तू ब्रिजेट आहेस का” असं पुन्हा पुन्हा विचारलं. दुसऱ्या रात्री नवऱ्याने दिव्याचं तेल ओतून तिला पेटवलं. मग तो कायलनाग्रानाच्या लिसपाशी जाऊन वाट पाहत बसला, खरी बायको पांढऱ्या घोड्यावर बसून येईल, दोर कापला की सुटेल. प्रेत उथळ खड्ड्यात 22 मार्चला सापडलं. त्याला मनुष्यवधासाठी 20 वर्षं झाली, 1910 मध्ये सुटला.

म्हणजे मारली गेली ती रोगी बाई. औषध, निदान, अटी, सगळं जाणतीच्या परंपरेतलंच होतं, फक्त तिसरा निकाल सांगणारं, ‘थांबा’ म्हणणारं कुणी त्या घरात नव्हतं. तुमचा दुसरा अंक इथे नेता येईल. काळ 1860 चाच ठेवा, घटना उचलू नका, पण प्रश्न हाच: निरोप्या येतो, म्हणतो घरातली बाई ‘बदललीय’, लुस मोर द्या. जाणती काय करते? नुसतं ‘देत नाही’ म्हटलं तर तो दुसऱ्याकडून आणेल. दिलं तर ती मरेल. बाटलीत हद्दीच्या ओढ्याचं साधं पाणी भरून, खूप कडक अटी घालून, नऊ दिवस मुदत मागून घेणं, एवढंच तिच्या हातात आहे. रानहळदताईंनी मात्रेचं लिहिलंय ते आणि काटेसावरांनी अटींचं लिहिलंय ते इथे एकत्र येतं.

डॉक्टरला खलनायक करू नका. 1851 नंतर गरिबांसाठी दवाखाने होते, पण मोफत उपचाराला तिकीट आणावं लागे आणि एका डॉक्टरकडे फार मोठा मुलूख असे. सुईणींना परवाना लागण्याचा कायदा तर 1918 चा, तोवर खेड्यातली बहुतेक बाळंतपणं बॅन ग्लूनाच करायची. ती घरात आल्यावर कुलपं उघडते, गाठी सोडते, पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवते. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा असतो, त्यामुळे नागपूरच्या प्रेक्षकाला एका शब्दाचंही स्पष्टीकरण लागणार नाही.

संवादांसाठी कच्चा माल हवा असेल तर ‘दूखस’ या संकेतस्थळावर 1937 ते 1939 मध्ये शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून लिहून आणलेल्या वह्या फुकट वाचता येतात. सुमारे 5,000 शाळा, 7,40,000 पानं. इंग्रजीतही भरपूर आहे. क्लेअरमधलं फीकल गाव उघडा, ‘क्युअर्स’ मथळ्याची पानं आधी पाहा. अकरा-बारा वर्षांच्या पोराने लिहिलेलं असतं, त्यामुळे वाक्यं आखूड आणि नेमकी. गालगुंड झालेल्या पोराला गाढवाची मोरखी घालून डुकराच्या खुराड्यापर्यंत न्यायचं आणि “डुकरा, हे गालगुंड तुला” म्हणायचं. डोळ्यावरच्या रांजणवाडीला गूजबेरीचे दहा काटे घ्यायचे, नऊ रोखायचे आणि दहावा फेकायचा. चामखिळीला दगडाच्या खळग्यातलं पाणी, पण ते अवचित सापडलेलं हवं, शोधत गेलात तर गुण नाही. पहिल्या अंकातल्या गर्दीच्या प्रवेशाला एवढं पुरेल.

पळसफूल, नागपूर

मिळालं. शेवट बदलला. नऊ दिवसांची मुदत आणि साधं पाणी, तिथेच अंक संपतो, रोगी बाईचं काय झालं ते दाखवत नाही. ‘परी’ आणि ‘आभारी आहे’ दोन्ही सगळ्या संवादांतून काढले. एक शेवटचं: कपातली भरड तिसऱ्या दिवशी उरते, तिचं काय करतात? नटी रिकाम्या हाताने उभी राहते.

विंगेतला

तिची भाकरी करतात. त्याच पिठाची, चुलीच्या तव्यावर, रोग्यापुरती एकच. ती रोग्याने एकट्याने खायची, घरातल्या कुणाला तुकडा द्यायचा नाही, कोंबडी-कुत्र्यालाही नाही. ताटात पडलेले कण बोटाने टिपून चुलीत टाकायचे.